भरतीची हद्द आणि पालिकेची हद्द

किनाऱ्यावरच्या शहरांची नावे मोजायला बसले तर भिवंडी कोणाच्या तोंडी येत नाही. इथे चौपाटी नाही, दीपगृह नाही, आणि समुद्र गाठायचा तर खाडीच्या पाण्याबरोबर थेट वसईपर्यंत जावे लागते. बाहेरच्या माणसाच्या मनातली भिवंडी म्हणजे मागांचा खडखडाट, गोदामांपुढे खोळंबलेले ट्रक आणि रस्त्यातले खड्डे. या पुस्तकात मात्र भिवंडीचा विचार किनाऱ्यावरचे शहर म्हणूनच केला आहे. प्रस्तावनेचे पहिले काम म्हणून त्याचे कारण सांगायला हवे.

पावसाळ्यात उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या समुद्राला साडेचार मीटरच्या वर भरती येते. तेच पाणी वसईच्या मुखातून उल्हासच्या खाडीत शिरते, काही वेळाने काशेळी-काल्हेरपर्यंत चढते आणि कामवारी नदीची वाट अडवून उभे राहते. त्याच वेळी वरून पाऊस कोसळत असेल तर कामवारीला उतरायला जागाच उरत नाही. नदी तुंबते आणि मागे सरकते. मग ईदगाहच्या वस्तीत, खाडीपारला, म्हाडा कॉलनीत, तीनबत्तीच्या भाजी मार्केटात पाणी शिरते. दुकानदार गोणी फळ्यांवर चढवतात, कारखान्यातले सुताचे बाचके पोटमाळ्यावर जातात. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोष पावसाला दिलेला असतो, फार तर नालेसफाईच्या ठेकेदाराला. त्या दिवशी भरती किती वाजता होती, हे बातमीत क्वचितच सापडते.

सरकारी व्याख्येप्रमाणेही हा किनाराच आहे. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेनुसार, वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत पाण्याची क्षारता जिथपर्यंत हजारात पाच भाग भरते, तिथपर्यंत भरतीचा अंमल धरायचा. तेवढ्या खाडीच्या काठचा शंभर मीटरांचा किंवा खाडीच्या रुंदीएवढा पट्टा, यांतला जो कमी असेल तो, नियमनाखाली येत होता. २०१९ च्या अधिसूचनेने त्या शंभराचे पन्नास केले. दिल्लीत पन्नास मीटर कमी झाले की खाडीकाठी किती डंपर माती पडू शकते, हे गणित अधिसूचनेत नसते. तिवरांत भराव होताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ते तोंडपाठ असते.

शहर वसले तेही या पाण्यामुळेच. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली तेव्हा दोन श्रीमंत बाजारपेठांबरोबर समुद्राकडे जाणारी वाट त्यांच्या हाती आली. दोनच वर्षांनी पोर्तुगीज कागदपत्रांत कल्याण, भिवंडी आणि पनवेलच्या पाण्यात जहाजे बांधली जात असल्याची काळजी दिसते. पुढे चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत गंगाजी नाईक अंजूरकर या मुलखाची खडान्‌खडा माहिती घेऊन उभे राहिले. ते अंजूर भिवंडी तालुक्यातलेच, आणि आज त्या भागाची ओळख गोदामांनी होते. इंग्रजी अमलातल्या गॅझेटिअरात भिवंडीचा व्यापार म्हणून तांदूळ, सुकी मासळी, कापड, गवत आणि लाकूड यांची नोंद आहे. बंदराला शोभेल अशीच ती यादी. नगरपालिका १८६० च्या दशकातली. शहराला पिण्याचे पाणी आणणारी जलवाहिनी रहिवाशांनी आणि सरकारने मिळून पैसे घालून बांधल्याचाही उल्लेख त्याच गॅझेटिअरात सापडतो. टँकरला पैसे मोजणाऱ्या आजच्या भिवंडीकराला हे वाचून गंमत वाटेल, किंवा वाटणारही नाही.

१८५४ मध्ये रेल्वे ठाण्याहून कल्याणला गेली ती उल्हासच्या दक्षिणेने. भिवंडी उत्तरेला राहिली. बंदराचा माल हळूहळू रुळांवर चढला आणि शहराने खाडीकडे पाठ फिरवली. दिवा-वसई मार्गावरचे भिवंडी रोड स्थानक मिळायला शतकाहून अधिक काळ लोटावा लागला. तोवर शहराचे पोट भलत्याच गोष्टीवर चालू लागले होते.

ती गोष्ट म्हणजे कापड. उत्तरेतले मोमीन विणकर १८५७ च्या धामधुमीनंतर इथे आले, तेलंगणातले पद्मशाली आले, हातमाग लागले. १९३० च्या आसपास खानसाहेब समदशेठ यांनी इथे पहिले यंत्रमाग बसवले असे मानतात. खरी भरभराट स्वातंत्र्यानंतरची, आणि तिचे मूळ भिवंडीच्या मातीत शोधून सापडणार नाही. ते मुंबईच्या गिरण्यांवरच्या बंधनांत आहे. गिरण्यांनी माग वाढवू नयेत असे धोरण सरकारने आखले आणि छोट्या यंत्रमागधारकाला अबकारी करातून सूट दिली. सूट चार मागांपर्यंत असेल तर एकाच छपराखालचे माग भावाच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या नावे चार-चार करून लिहिता येतात. तसे ते लिहिले गेले. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि मुंबईत विणले जाणारे कापड विणायला भिवंडी तयारच होती. गिरण्यांनी भंगारात काढलेले मागही इथेच आले. गिरणगावातून निघालेले लोखंड इथे आणखी काही दशके खडखडत राहिले.

गोदामांची कथा वेगळी दिसते, पण तिचा सांगाडा तोच आहे. मुंबईत माल शिरला की जकात भरावी लागे. विक्री व्हायच्या आधीच जकात भरून माल मुंबईत नेऊन ठेवायचा कशाला? त्यापेक्षा तो हद्दीबाहेर, पण दोन तासांत मुंबई गाठता येईल अशा जागी ठेवावा. जुना आग्रा रोड आणि मुंबई-नाशिक महामार्ग यांच्या आसपासची काल्हेर, काशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली, वळ, सोनाळे ही गावे अशी जागा होती. भाताची खाचरे आणि खारजमिनी स्वस्त होत्या. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मिळाला की पत्र्याची शेड उभी राही. शेताला जे दहा वर्षांत मिळाले नसते ते भाड्याने वर्षात मिळू लागले. यात आगरी-कुणबी शेतकऱ्याने चूक केली असे मला वाटत नाही. आपल्या जमिनीवर कोणाची नजर आहे, हे त्याने नीट ओळखले.

हे पुस्तक वाचताना वाचकाने एक सूत्र मनात ठेवावे. भिवंडीची प्रत्येक मोठी वाढ दुसऱ्या कोणाच्या तरी नियमातल्या फटीतून झाली आहे. गिरण्यांवरचे बंधन, करातली सूट, शेजारच्या महापालिकेची जकात, ग्रामपंचायतीचा दाखला. फटीतून वाढणाऱ्या शहराला आराखडा नको असतो, कारण आराखडा आला की फट बुजते. म्हणून इथे नियोजन झाले नाही याचा दोष केवळ नगररचना खात्याच्या आळसाला देणे मला अपुरे वाटते. नियोजन न होण्यात अनेकांचे भले होते, त्यात मुंबईचेही. स्वस्त कापड, स्वस्त गोदाम, आणि ज्या कामांचा धूर आणि सांडपाणी आपल्या अंगणात नको ती कामे, हे सगळे खाडीपलीकडे ठेवता येत होते.

१ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. तेव्हा अनेकांचे भाकीत होते की गोदामेही ओस पडतील. झाले उलटे. घरपोच माल पाठवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आणखी मोठी, उंच छताची गोदामे घेतली. नियमाची फट बुजल्यावरही धंदा टिकला याचा अर्थ भिवंडी आता स्वतःच्या भूगोलावर उभी आहे. जवाहरलाल नेहरू बंदर, नाशिकचा महामार्ग, गुजरातचा महामार्ग आणि मुंबईची बाजारपेठ यांच्या मधोमध ती बसली आहे. भूगोल कोणी अधिसूचना काढून रद्द करत नाही. म्हणून दीर्घ पल्ल्याचे नियोजन इथे पहिल्यांदाच शक्य झाले आहे असे मी मानतो. अडचण एवढीच की ज्या भूगोलाने रस्ते दिले, त्यानेच सखल जमीन आणि भरतीचे पाणीही दिले, आणि आजवरचा सगळा हिशोब रस्त्यांचाच झाला.

इथे हद्दीचा प्रश्न येतो, आणि त्यावर जरा थांबायला हवे. भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेचे क्षेत्र जेमतेम २६ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत त्यात ७,०९,६६५ माणसे मोजली गेली. म्हणजे चौरस किलोमीटरला सत्तावीस हजारांच्या आसपास, आणि तीही मुख्यतः दोन-चार मजल्यांच्या इमारतींत आणि मागांच्या शेडींच्या अधल्यामधल्या जागेत. या हद्दीच्या बाहेर गोदामांचा पट्टा आहे. तिथली ६० गावे २००७ पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून सोपवलेली आहेत. म्हणजे शहर एकाच्या हाती, शहराची वाढ दुसऱ्याच्या हाती. प्राधिकरण येईपर्यंत शेडी उभ्या राहिल्या होत्या आणि नंतरही राहत गेल्या. पाडकामाच्या नोटिसा, न्यायालयातल्या याचिका, नियमित करण्याच्या योजना असा क्रम पुढची वर्षे चालला. २९ एप्रिल २०२३ ला वळ इथल्या वर्धमान कंपाउंडमध्ये एक इमारत कोसळली आणि आठ माणसे गेली. खाली गोदाम, वर कुटुंबे. या इमारतीचा वापर नक्की कशासाठी, असा प्रश्न तिथे उभ्या असलेल्या कोणालाही पडला असता. कागदावर तो विचारण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवायला मात्र वेळ लागतो.

पाण्याला या दोन हद्दी कळत नाहीत. कामवारी शेलारकडून येते, नदीनाक्यापाशी शहराला घासून जाते आणि पुन्हा गावांच्या हद्दीतून खाडीला मिळते. पावसाचे पाणी जिथे पूर्वी भातखाचरांत तासन्‌तास थांबत असे, तिथे आता मुरमाचा भराव आणि काँक्रीट आहे. जोत्याची उंची कोणी ठरवून दिलेली नव्हती, म्हणून प्रत्येक गोदामवाल्याने शेजाऱ्यापेक्षा चार फूट अधिक भराव केला. शेजाऱ्याने मग सहा फूट केला. ज्याच्याकडे भरावाला पैसे नव्हते त्या जुन्या गावठाणात पाणी येऊ लागले. खारभूमीच्या जुन्या व्यवस्थेत बांध आणि उघाडी होत्या; ओहोटीला उघाडीतून पाणी बाहेर पडे, भरतीला झडप लागे, आणि बांधाची देखभाल हे गावाचे काम असे. राज्याचा खारभूमी विकासाचा कायदा १९७९ चा आहे, पण खारजमीन गोदामाला गेल्यावर बांधाचा वाली कोण, हे कोणी विचारले नाही. त्यात रेतीचा उपसा. काशेळी-काल्हेरच्या खाडीत संक्शन पंप लावून रात्रीची रेती काढण्याचा धंदा, कारवाया होऊनही, वर्षानुवर्षे चालला. उपशाने तळ खोल होतो आणि काठ ढासळतो. ढासळलेल्या काठावर पुन्हा भराव होतो.

म्हणून आराखड्याचे पहिले पान रस्त्यांचे असू नये, पातळीचे असावे, असे मला ठामपणे वाटते. शहर आणि साठ गावे यांचा मिळून एकच उंचसखल नकाशा, त्यावर उधाणाच्या भरतीची रेषा, २६ जुलै २००५ च्या पुरात पाणी कुठवर आले होते त्याची रेषा, आणि पुढच्या पन्नास वर्षांची सोय. हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार २००६ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरीने वर्षाला ३.७ मिलिमीटर वाढत होती, आणि हा वेग वाढता आहे. वर्षाचे पावणेचार मिलिमीटर ऐकायला काहीच नाहीत. पण जिथे पाणी उतरायला आधीच बोटभर उतार आहे, तिथे पन्नास वर्षांचे वीस सेंटिमीटर म्हणजे नाल्याचे तोंड कायमचे पाण्याखाली. पर्जन्यजलवाहिन्यांवर खर्च करण्याआधी त्या कोणत्या पातळीला सुटणार, हे तरी पाहायला हवे.

पिण्याच्या पाण्याची गोष्ट आणखी विचित्र. १८९२ पासून तानसाचे पाणी मुंबईला जाते ते याच मुलखातून. भातसाचे पाणी पिसे इथे उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि मुंबईच्या नळाला पोहोचते. पिसे आणि पांजरापूर दोन्ही भिवंडी तालुक्यात. शहराची तहान मात्र स्टेम या पाणीपुरवठा प्राधिकरणाकडून येणारे पाणी, मुंबई महापालिकेने दिलेला वाटा आणि वऱ्हाळा तलाव यांच्यावर भागते, आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांना ती भागली असे वाटत नाही. मोठ्या जलवाहिन्या गळतात तिथे बायका हंडे लावतात. त्या चोरी करतात असे म्हणणाऱ्याने पाइप कोणाच्या दारावरून जातो तेही सांगावे.

पाण्याचा तुटवडा आणि कारखान्यांचे पाणी यांची सांगड सुरतेने घातली. ती थोडी तपशिलाने सांगतो, कारण भिवंडीकर व्यापारी सुरतेचे नाव नेहमी मत्सराने घेतो. तेही भरतीच्या नदीवरचे, परप्रांतीय कामगारांचे, मागांचे शहर. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे प्लेगची साथ आली आणि लोक गाड्या भरभरून पळाले. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. प्लेगनंतर महापालिकेने आधी कचरा आणि गटारे हाती घेतली. पुढे २०१४ च्या सुमारास तिथे सांडपाणी वरच्या दर्जापर्यंत शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कापड प्रक्रिया कारखान्यांना विकायला सुरुवात झाली. नदीत जाणारी घाण कमी झाली, पिण्याच्या पाण्यावरचा भार हलका झाला आणि पालिकेच्या तिजोरीत पैसा आला. भिवंडीत सुताला खळ देणाऱ्या सायझिंगला आणि रंग देणाऱ्या डाइंगला तसेच पाणी चालेल. आज हे कारखाने बोअरचे किंवा टँकरचे पाणी घेतात आणि रंगीत पाणी नाल्याला सोडतात. नाला कामवारीला, कामवारी खाडीला. सुरत पैशाने मोठी आहे, हे खरे. पण सांडपाणी शुद्ध करायचा खर्च तिने कारखानदाराला गिऱ्हाईक बनवून काढला, एवढे तरी उचलण्यासारखे आहे.

विजेच्या बाबतीत भिवंडीने एक प्रयोग पाहिलाच आहे. जानेवारी २००७ मध्ये महावितरणने इथले वितरण टोरेंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून दिले. देशातला तसा तो पहिलाच प्रयोग. त्याआधी निम्म्याहून अधिक विजेचे पैसे वसूलच होत नव्हते. पुढे गळती उतरली, पुरवठा सुधारला, आणि वाढीव बिलांवरून, मीटरवरून भांडणेही झाली, ती आजही होतात. त्या प्रयोगाकडे कसेही पाहा, जिथे मोजमाप सुरू झाले तिथे काहीतरी हलले, एवढे मान्य करावे लागते. पाण्याचे आणि सांडपाण्याचे मोजमाप इथे अजून मार्गी लागायचे आहे.

आता माणसांकडे. २०११ च्या जनगणनेतल्या भिवंडीत ४,१५,३३९ पुरुष होते आणि २,९४,३२६ स्त्रिया. या दोन आकड्यांमधल्या सुमारे सव्वा लाखाच्या फरकात उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून एकटे आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. ते बिशीत, म्हणजे खाणावळीत, जेवतात, पाळीने एकाच खोलीत झोपतात, कित्येकदा मागाच्या शेजारीच अंग टाकतात. सुगीला आणि सणाला गावी जातात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ते रस्त्याने चालत निघाले तेव्हा शहराला त्यांची संख्या कळली. आराखड्यात घरे मोजली जातात ती कुटुंबाच्या हिशोबाने. एकट्या माणसाच्या खाटेला त्यात रकाना नाही. म्हणून ती खाट सर्वांत धोकादायक इमारतीत जाते, कारण भाडे तिथेच परवडते. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि चाळीसच्या आसपास माणसे दगावली, त्यांत लहान मुले होती. ती इमारत १९८४ च्या सुमाराची, म्हणजे छत्तीसेक वर्षांची. कोकणातली मातीच्या भिंतींची घरे याहून जास्त टिकतात.

भिवंडीला काहीच जमत नाही, असा सूर लावणाऱ्यांत मी नाही. मे १९७० आणि मे १९८४ च्या दंगलींनी या शहराचे नाव देशभर झाले. १९७० च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली, आणि त्या अहवालाचा अभ्यास आजही होतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. गल्लीतला मागवाला, दुकानदार, शिक्षक, हवालदार एकत्र बसू लागले, आणि विषय बहुधा गटाराचा किंवा नळाच्या भांडणाचा असे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. नगररचनेच्या पुस्तकात या प्रसंगाचे काय काम, असे कोणी विचारेल. तर ज्या समित्यांना नळाचे भांडण मिटवता आले, त्यांना नाल्याची रुंदी राखता आली असती. त्यांच्या हाती नकाशा कधी कोणी दिला नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप आराखड्यावर हरकती घ्यायला तीस दिवस मिळतात. कामवारीकाठचे बरेच रहिवासी उर्दू, हिंदी किंवा तेलुगू वाचतात. नकाशावरच्या सूचना मराठीत, त्याही खात्याच्या मराठीत, जी मराठी माणसालाही दुसऱ्यांदा वाचावी लागते. तीस दिवस त्यातच संपतात.

दरम्यान शहराभोवती मोठमोठे प्रकल्प येऊन थांबत आहेत. समृद्धी महामार्गाचे मुंबईकडचे टोक भिवंडी तालुक्यातले आमणे. शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. ठाणे-भिवंडी-कल्याण अशी मेट्रो ५ आहे, तिचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ चे. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आहे, विरार-अलिबाग मार्गिका आहे, आणि उत्तरेला वाढवण बंदर, ज्याला केंद्राने २०२४ मध्ये ७६ हजार कोटींच्या वर खर्च धरून मंजुरी दिली. दोन महाबंदरांच्या मधली भिवंडी म्हणजे गोदामांना सोन्याचे दिवस, असे जाहिरातीत लिहिले जाईल. लिहू देत. मला काळजी आहे ती यातले बहुतेक प्रकल्प भिवंडीतून किंवा भिवंडीजवळून दुसरीकडे जाणारे आहेत याची. प्रत्येक उंच रस्ता सखल जमिनीवर बांधासारखा आडवा पडतो, आणि त्याखालच्या मोऱ्या किती व्यासाच्या, हे ठरवणारा अभियंता खाडीची भरती पाहायला आलेला असतो की नाही, यावर पुढच्या पन्नास पावसाळ्यांचे भवितव्य अवलंबून असते.

नियोजनाला आज जागा कुठे उरली आहे, हा शेवटचा प्रश्न. आणि इथे मात्र एक अनपेक्षित संधी आहे. साधे माग बंद पडत आहेत. नोटाबंदी, नवी करपद्धती, सुताचे चढउतार, सुरतेची आणि इचलकरंजीची स्पर्धा, रॅपियरसारखे नवे माग घ्यायला लागणारे भांडवल, अशा एकावर एक पडलेल्या कारणांनी जुने माग किलोच्या भावाने विकले जात आहेत. माग गेला की शेड मोकळी होते, आणि ही शेड शहराच्या मधोमध असते. शाळेला, दवाखान्याला, पाणी मुरायला किंवा कामगारांच्या भाड्याच्या घरांना जागा नाही म्हणणाऱ्या २६ चौरस किलोमीटरांत गेल्या साठ वर्षांत प्रथमच जागा मोकळी होत आहे. ती गल्लीगल्लीत, तुकड्यातुकड्यांत होत आहे, आणि प्रत्येक तुकडा आज बिल्डरशी स्वतंत्र बोलणी करत आहे. आरक्षण टाकून स्वस्थ बसण्याने ती हाती येणार नाही. दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊन आरक्षण सोडवून घेऊ शकतो, आणि असे सुटणे या शहराला नवे नाही. शेडमालकांना वाढीव बांधकामाचा हक्क देऊन त्या बदल्यात तळमजल्याची जागा घ्यायची, की चार शेडींचा एक गट करून तो एकत्र विकसित करायचा, की पालिकेने सरळ विकत घ्यायच्या, यावर मतभेद होतील, आणि या पुस्तकातही ते आहेत. शेडीबरोबर तिच्यात काम करणारा आणि रात्री तिथेच झोपणारा माणूसही हलतो. त्याला या बोलण्यांत कोणीच बसवत नाही, म्हणून शेवटचे आणि सर्वांत लांब प्रकरण त्याच्यावर आहे.